तळाचा झरोका

रविवार, सकाळचे साडेसात. धरणाच्या फुगवट्याकाठी, कोळेवाडीतली एक लाकडी खोली. दार सताड उघडं. आतली भट्टी थंड.

“झरोका उघडा होता, एवढंच सांगायचं आजी. सांगशील ना?”

विचारणारा शार्दूल पासलकर. वय एकतीस. वाडीचाच, पण शिकला शहरात आणि पुढे परदेशात. खोलीचा मालक.

जिला विचारलं ती ठकूआजी. पंचाहत्तरच्या पुढची, नक्की वय तिलाही ठाऊक नाही. वाडीची सुईण. दोन पिढ्यांच्या बाळंतिणींना तिनेच शेक-शेगडी दिली. शार्दूललाही जगात तिनेच आणलं.

आजी खोलीच्या बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून उकिडवी बसून राहिली.

खोली म्हणजे फळ्यांची पेटी, तळाशी वारा आत यायला एक झरोका. कोपऱ्यात लाकडावर चालणारी लोखंडी भट्टी, तिच्यावर दगड. दगड तापले की डावभर पाणी टाकायचं आणि घाम काढत बसायचं. शहरात याला सॉना म्हणतात, वाडीत शेकाची खोली. शार्दूल ती तासाच्या बोलीवर भाड्याने देतो.

शनिवारी दुपारी चार वाजता या खोलीतून सुनेत्रा वझरकर नावाच्या बाईंना बेशुद्ध बाहेर काढलं. काढलं ठकूआजीने. केसांना धरून.

“आजी, ऐकतेयस ना?”

“ऐकती. बहिरी न्हाई झाले.”

शार्दूलच्या हातात टाइप केलेला कागद होता आणि शाईचा पॅड. माझ्याकडे वळून तो म्हणाला, “तुम्ही पेपरवाले ना? बरं झालं आलात. साक्षीदार म्हणून सही करा.”

तीस वर्षं बातम्या लिहितोय. एवढ्या सकाळी इतका निर्लज्जपणा कमी वेळा पाहिला.

“काय लिवलंय त्यात?” आजीने मला विचारलं. “वाचा वो दादा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. ‘मी, ठकूबाई रावजी कोकरे, शनिवारी दुपारी तीन वाजता भट्टी स्वतः पेटवली. त्या वेळी खोलीच्या तळाचा झरोका उघडा होता. नंतर पाहुण्यांनी वाफ कोंडण्यासाठी त्यात टॉवेल कोंबला.’

“म्या पेटिवली?”

“म्हणजे… तुझ्या देखरेखीखाली, आजी.”

“तीन आठवडं झालं, तू मला घरी बशिवलंस.”

हे खरं होतं. पाहुण्यांच्या फोटोंत दाराशी बसलेली म्हातारी येते, ते बरं दिसत नाही, म्हणून तिला यायला मनाई होती. वाटेवरच्या फलकावर मात्र तिचा हसरा फोटो अजून होता. खाली मोठ्या अक्षरांत – ठकूआजींच्या मार्गदर्शनाखाली परंपरागत शेक.

आजीचं घर इथून दोनशे पावलांवर. शनिवारी तिने अंगणातून पाहिलं, की धूर धुराड्यातून नाही, दाराच्या फटीतून येतोय. ती धावली. पंचाहत्तरीची बाई धावली. बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण बाकी कुणी तिथे नव्हतंच.

“आजी, लोकांना वाफ घेणं कळत नाही,” शार्दूल समजावणीच्या सुरात म्हणाला. “डोक्यावरून चादर ओढून वाफारा घ्यायची सवय. फट दिसली की बुजवतात. हवालदारांनाही पटलं.”

पटणारच. सर्दी झाली की चादरीखाली पातेलं घेऊन बसवणारी आई कुणाला नव्हती? हे खोटं इतकं घरगुती होतं, की हवालदाराने ते न विचारता लिहून घेतलं.

आजीने नुसती मान वर केली.

“शार्दूल्या, पयल्या दिवशी म्या तुला काय शिकिवलं?”

दोन वर्षांपूर्वी हा परदेशातला कोर्स करून आला आणि तिच्या अंगणात येऊन बसला. ‘मला शेक शिकव’ म्हणाला. महिनाभर रोज बसला. वाडीने पाहिलंय.

“आजी, आत्ता ही वेळ आहे का? अकरा वाजता लोक येतायत. नव्या खोल्यांचं उद्घाटन आहे.”

“काय शिकिवलं?”

शार्दूल थांबला. मग शाळेतल्या पोरासारखा बोलला. “पेटवायच्या आधी झरोक्याला बाहेरून तळहात लावायचा.”

“कशापायी?”

“वारा आत ओढला जातोय का, ते बघायला.”

“आन् न्हाई ओढला तर?”

“…तर काडी ओढायची नाही.”

“आग बी दम घेती, माणूस बी दम घेतो. कोंडलेल्या खोलीत आधी कोण घेतो?”

“आग.”

“मंग माणसाला काय उरतं?”

त्याने नजर थंड भट्टीकडे वळवली.

“घामाचं सांग.”

“आधी कपाळाला येतो. मग पाठीला. पोटऱ्यांना आला की उठायचं. बाहेर दगडावर बसायचं, माठातलं पाणी प्यायचं. अंग निवलं आणि मन झालं, तरच परत आत.”

“आन् मन न्हाई झालं तर?”

“तर तेवढाच शेक पुरे. जास्त बसला तो जिंकला, असं नसतं.”

“लाकूड?”

“वर्षभर वाळलेलं. ओलं नको, रंगाचं नको, खोक्याच्या फळ्या नकोत.”

“आन् दाराशी?”

“दाराशी माणूस. कोरड्या कपड्यातलं. दर थोड्या वेळाने हाक मारणारं.”

सगळं पाठ होतं त्याला! तिथेच माझं डोकं फिरलं. माहीत नसतं, तर मी दोन ओळींत बातमी संपवली असती. माणूस अडाणी निघाला, असं लिहून मोकळा झालो असतो. पण याला एकेक गोष्ट माहीत होती. त्याच्या कचेरीत चौकटीत लावलेलं परदेशी प्रमाणपत्र होतं. दारावर सतरा नियमांची पाटी होती. मी सतराही वाचले. थुंकू नये. मोठ्याने गाणी लावू नयेत. दार उघडं ठेवून उष्णता वाया घालवू नये. झरोक्याबद्दल एक अक्षर नाही.

“शनवारी दाराशी कोण व्हतं?” आजीने विचारलं.

शार्दूलने शाईचा पॅड या हातातून त्या हातात घेतला.

“कोण व्हतं रं?”

“आजी, शनिवारी माणसं कमी होती.”

वाटेवर पावलं वाजली. एक तरुण बाई आली. कालचाच चुरगळलेला कुर्ता, पायात दवाखान्यातून उसन्या आणलेल्या चपला. ही वृषाली, सुनेत्राबाईंची धाकटी बहीण. शनिवारी दोघी एकत्रच आत होत्या. ही पाणी प्यायला म्हणून पार कचेरीपर्यंत गेली आणि वाचली; परतली तेव्हा आजी सुनेत्राबाईंना बाहेर ओढत होती.

“ताईचा चष्मा राहिलाय इथे,” ती म्हणाली.

दाराबाहेरच्या फळीवर होता. धातूची काडी तापून चटका बसतो, म्हणून पाहुणे चष्मे बाहेर ठेवतात. तो नियम पाटीवर होता.

आजीने हात लांबवून चष्मा घेतला, पदराने पुसला. पदराच्या दुसऱ्या टोकाला कसली तरी जड गाठ होती, ती गुडघ्यावर आपटली.

“कशी हाय बया?”

“डोळे उघडलेत. पण दिसत नाही म्हणते.” वृषाली चष्म्याकडे बघत राहिली. “चष्मा नाही ना… म्हणून असेल.”

आजीने चष्मा तिच्या हातात दिला.

ती शार्दूलकडे वळली. “आम्ही टॉवेल कोंबला, असं सांगितलंत तुम्ही?”

“ताई, मी नाही, पंचनाम्यात—”

“माझा टॉवेल माझ्या अंगावर होता. तिचा तिच्या डोक्याखाली होता. ह्या आजींनी ओढलं, तेव्हा तो तिच्याबरोबर बाहेर आला. कुठला तिसरा टॉवेल कोंबला आम्ही?”

“ताई, तुम्ही आता धक्क्यात आहात. आपण शांतपणे—”

“शांतपणे?” ती म्हणाली. बस, एवढंच. चष्मा ओढणीत गुंडाळून निघून गेली.

तिच्या पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत शार्दूल थांबला. मग खालच्या आवाजात आजीला म्हणाला, “बरं. टॉवेल नाही. गोणपाट होता.”

“आत्ता आठिवलं व्हय?”

“पण तोही त्या दोघींनीच लावला असणार. सरपणाशी कुऱ्हाड पडलेली असते. तिच्या माथ्याने खिळे ठोकले असतील.”

“अंघोळीच्या कपड्यात दोन बहिणी बाहेर आल्या,” मी म्हणालो, “जमिनीला ओणव्या झाल्या, आणि खिळे ठोकून परत आत जाऊन बसल्या?”

“लोक काहीही करतात साहेब. तुम्हाला पाहुण्यांचा अनुभव नाही.”

“पाहुण्यांची तक्रार काय असायची?”

“आच लागत नाही म्हणायचे. सगळीकडे लिहायचे, पुरेसं तापत नाही म्हणून.”

“लाकूड ओलं हाय तुझं,” आजी म्हणाली. “कालच्याला बी ओलंच व्हतं. वास आला मला. लाकूड बदलायचं सोडून…”

मी नंतर तीन कार्यालयांत विचारलं, की अशी भाड्याची खोली तपासायची कुणी. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्याने मला विचारलं, सॉना म्हणजे काय?

शार्दूलने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पलीकडे त्याच्या नव्या दोन खोल्या उभ्या होत्या. दारांना झेंडूची तोरणं, कड्यांना लाल फिती.

“त्याही बंद ठेवा,” मी म्हणालो.

“कशाला? त्या कोऱ्या आहेत. अजून एक पाहुणा त्यांच्या आसपास फिरकलेला नाही. कालच्या प्रकाराशी त्यांचा संबंध काय?”

आजीने त्याच्याकडे पाहिलं.

“पुन्यांदा सांग.”

“काय?”

“त्या खोल्यांत कोण गेलं न्हाई?”

“कुणीच नाही गं. आतही नाही, बाहेरही नाही. काल संध्याकाळपर्यंत भोवती दोरी बांधलेली होती. आता अंगठा दे, आजी. उगाच वाढवू नकोस. प्रकरण वाढलं, तर लोक पारूचंही काढतील.”

मला पारू कोण ते माहीत नव्हतं. शार्दूलच्या चेहऱ्यावरून एवढं कळलं, की हा त्याचा हुकमाचा पत्ता होता.

आजीचा चेहरा हलला नाही.

“काढत्याल कशाला? म्याच सांगते.” ती माझ्याकडे वळली. “पारू. गवळ्याची थोरली सून. पयलटकरीण. खाटंखाली शेगडी ठिवली व्हती. सासू म्हनली वारं लागंल, खिडकी बुजव. म्या गोधडी कोंबली. सकाळी दार उघडलं तवा माय बी थंड, लेक बी थंड.”

“आजी, मला तसं म्हणायचं नव्हतं—”

“तुला तसंच म्हनायचं व्हतं. गप बस.”

मी विचारलं, “चौकशी झाली?”

“फौजदार आला. इचारलं, गोधडी कुणी कोंबली. सासू रडाया लागली. नवरा म्हनला, वाऱ्यानं पडली आसंल. म्या म्हनलं, म्या कोंबली. ह्याच हातांनी.”

“मग?”

“मंग काय? समद्या वाडीला ठावं हाय. चाळीस वरसं झाली.”

“आणि तरीही बायका तुम्हाला बोलावत राहिल्या?”

“तरी न्हाई वो दादा,” आजी म्हणाली. “म्हनूनच.”

शार्दूल खाली बघत होता. क्षणभर मला वाटलं, आता हा बोलेल. दोन शब्द. चार अक्षरं. त्याच्या गुरूने चाळीस वर्षांपूर्वी फौजदारासमोर जे म्हटलं, ते त्याने फक्त म्हणायचं होतं.

तो म्हणाला, “ते सगळं ठीक आहे. पण आठ वाजत आले.”

मी कागद फाडायला हात पुढे केला. आजीने मान हलवून मला थांबवलं.

“ये हिकडं,” ती त्याला म्हणाली. “फुडं बस.”

तो सुटल्यासारखा खाली बसला. कागद तिच्या गुडघ्यावर पसरला. शाईचा पॅड उघडला.

“त्यो न्हाई. हात कर फुडं.”

“हात?”

“तळहात. झरुक्याला लावायला शिकिवला व्हता त्योच.”

त्याने हात पुढे केला. तिने पदराची गाठ दातांनी सोडली आणि त्याच्या तळहातावर खिळे ओतले. काळे, चपट्या डोक्याचे, सगळे एका मापाचे. एका खिळ्याला गोणपाटाचा धागा लटकत होता.

“हो, चार कोपऱ्यांना चार,” शार्दूल घाईने म्हणाला. “तेच तर म्हणतोय मी. पाहुण्यांनी—”

“मोज.”

“आजी—”

“मोज म्हनते ना.”

तो मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. चारावर त्याचा आवाज थांबला. बोट थांबलं नाही.

पलीकडे तोरणाखालची लाल फीत वाऱ्याने हलत होती. पाच. सहा. त्याचे ओठ हलत होते. बारा झाले, तेव्हा त्याने मूठ मिटली.

ठकूआजी गुडघ्यावर हात टेकून उठली. पदर झटकला. अंगठा न उमटलेला कागद जमिनीवर पडला.

“ह्या खोलीचं चार,” ती म्हणाली. “आठ म्या पहाटं तुझ्या कोऱ्या खोल्यांचं उपसलं.”