खापऱ्याच्या पायऱ्या

उंबराईच्या डोंगरावर जायला दगडी पायऱ्या आहेत. त्या चढताना नवखा माणूस सुरुवातीलाच थांबतो आणि त्या खोदणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो, कारण एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच आहे. मग त्याचं लक्ष डावीकडे जातं. तिथे कड्याच्या अंगाला प्रत्येक मोठ्या पायरीजवळ एक बुटकी पायरी काढलेली आहे, जेमतेम पाऊल मावेल एवढी. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळे त्या बाजूने चढतात. पण देऊळ समोर दिसू लागलं, की बुटक्या पायऱ्या संपतात. शेवटच्या पाच मोठ्या पायऱ्यांना जोडच नाही.

पाहुण्यांनी याचं कारण विचारलं, की देवीचे गुरव दाजीबा आधी त्यांना बसायला सांगतात. घाईत असलेल्या माणसाला ते ही कथा सांगत नाहीत. तो परत येईल तेव्हा ऐकेल, म्हणतात.

फार जुनी गोष्ट आहे. गावाने उंबराईला पायऱ्यांचा नवस बोलला होता आणि काम निंबाजी पाथरवटाकडे आलं होतं. निंबाजी ताडमाड उंच आणि बोलायला कंजूस. त्याने पहिली पायरी स्वतःच्या गुडघ्याला लावून बेतली आणि तेच माप पुढे धरलं. पहिला घाव घातला त्या दिवशी कुठूनसं एक कुत्र्याचं पिल्लू येऊन कपच्यांच्या ढिगात बसलं. भाजलेल्या खापराच्या रंगाचं होतं, म्हणून निंबाजीच्या बायकोने, राहीने, त्याचं नाव खापऱ्या ठेवलं.

पायऱ्या वर चढत गेल्या तसा खापऱ्याही वाढत गेला. दुपारी राही डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन निघे, पुढे खापऱ्या. छिन्नीचा आवाज कानावर पडला की तो पायऱ्यांवरून उड्या टाकत वर जाई आणि राही मागून, एकेका पायरीवर गुडघ्याला हाताचा रेटा देत. गावातले लोक कुरकुरत, "निंबाजी, पायरी जरा बुटकी कर की. आमचं पाय काय उसनं आणल्यात व्हय?" निंबाजी हसे आणि तीच उंची धरून पुढची पायरी घेई. राही मात्र कधी काही बोलली नाही. नवऱ्याचं काम आहे, त्याला आपण काय सांगावं, असं तिला वाटे.

वर्षं गेली. पायऱ्या देवळाला टेकल्या, समोरच्या अंगणाची फरसबंदी तेवढी राहिली. तोवर खापऱ्या म्हातारा झाला होता. एके दुपारी तो राहीच्या पुढे निघाला, दुसऱ्या पायरीवर पाय टाकला आणि घसरून खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. राहीने त्याला उचलायला हात घातला, तर अंग चोरून बाजूला झाला. उचलून घेतलेलं त्याला लहानपणापासून चालत नसे. शेवटी तो पहिल्या पायरीशी बसला आणि वरून येणाऱ्या छिन्नीच्या आवाजाकडे कान लावून राहिला. संध्याकाळी निंबाजी उतरून येईपर्यंत तसाच होता.

राहीला बघवेना. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, "त्याला वर यायचं हाय."

दुसऱ्या दिवशी निंबाजी वर गेलाच नाही. पहिल्या पायरीशी बसून त्याने कडेला बुटकी पायरी खोदायला घेतली. खापऱ्या शेजारी बसून बघत होता. पायरी झाली तसा त्याने एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि वर जाऊन बसला.

चैत्राची यात्रा तोंडावर आली होती. फरसबंदी सोडून पाथरवट कुत्र्यासाठी पायऱ्या करतोय म्हटल्यावर गाव चिडलं. पाटील स्वतः आले. "माणसं बोंबलून थकली तवा तुला ऐकू आलं न्हाई. आन आता कुत्र्यापायी देवीचं काम थांबवतूस?"

"माणसं बोलत हुती," निंबाजी म्हणाला. "बोलत हुती तवर वाटायचं, चालतंय त्यांचं. ह्यो बोलला न्हाई, नुसता बसला."

पाटी घेऊन उभ्या राहिलेल्या राहीला हे ऐकून हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं तीही बोलली नव्हती. तिच्या गुडघ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण खापऱ्यावर रागवावं असं काही तिला सापडेना, कारण त्याने वर पोचावं हे तिलाही तितकंच हवं होतं.

मग पायऱ्या आणि खापऱ्याचं वय यांची शर्यतच लागली, असं सांगतात. नवी पायरी झाली की तो ती चढून बसे. पुढे खाली उतरणंही सोडलं. राही त्याच्यासाठी दूधभाकरी तिथेच घेऊन येई. देऊळ दिसू लागलं त्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही.

दुसऱ्या सकाळी दोघं गेली तेव्हा खापऱ्या शेवटच्या झालेल्या पायरीवर मान टाकून पडला होता. वर पाचच पायऱ्या राहिल्या होत्या. निंबाजीने छिन्नी काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि छिन्नी खाली ठेवली. मग वाकून त्याला उचललं. जन्मात कधी उचलून न घेतलेला खापऱ्या त्या दिवशी गप राहिला. त्याने निंबाजीच्या खांद्यावर हनुवटी टेकली. पाच पायऱ्या चढून निंबाजी त्याला देवीपुढे घेऊन गेला. खापऱ्याने वाऱ्यात नाक वर केलं, शेपटी दोनदा हलवली आणि त्याच्या मांडीवर प्राण सोडला. देवळाशेजारच्या चाफ्याखाली त्याला पुरलं. त्या चाफ्याला त्या चैत्रात एकही पान नव्हतं, नुसती फुलं होती म्हणे.

फरसबंदी यात्रेआधी कशीबशी पुरी झाली. पण त्या पाच पायऱ्यांना निंबाजीने हात लावला नाही. यात्रेच्या दिवशी राही बुटक्या पायऱ्यांनी चढत आली आणि जिथे त्या संपतात तिथे थांबली. वर सगळं गाव उभं होतं. तिने खालूनच विचारलं, "एवढ्या का ठिवल्या?"

"हितवर त्याचा त्यो आला," निंबाजी म्हणाला. "म्होरं मी आणला. त्या पायऱ्या केल्या, तर त्याला उचलून आणल्याची खूण कुठं ऱ्हाईल?"

राही नुसती खालीच उभी राहिली. निंबाजीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे. तो पाच पायऱ्या उतरून आला आणि त्याने हात पुढे केला. त्या काळी चारचौघांत नवऱ्याने बायकोचा हात धरणं म्हणजे गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय. लोक हसले. पाटील हसले नाहीत. त्यांनी मागे वळून आपल्या म्हाताऱ्या आईला हात दिला.

आजही त्या पाच पायऱ्या कुणी एकट्याने चढत नाही. दणकट पैलवान असला तरी तिथे थांबतो आणि हात मागतो किंवा देतो. यात्रेत नव्या जोडप्यांची तिथे भरपूर चेष्टा होते. कुणी एकटाच आला असेल, तर तो शेवटच्या बुटक्या पायरीवर बसून वाट बघतो, आणि ते दिसलं की दाजीबा कथा अर्धी टाकून उठतात. त्यांचे गुडघे आता पार गेले आहेत. ते एकेक पायरी उतरून खाली येतात, त्या परक्या माणसाचा हात घट्ट धरतात आणि त्याच्या आधाराने वर जातात.