कासारणीच्या अंगावरचं पित्त

नदीकाठच्या एका गावात भिवराबाई नावाची कासारीण राहत होती. बायकांचे हात दाबून दाबून ती अशा अलगद बांगड्या चढवायची की हाताला कळायचंसुद्धा नाही. तीस वर्षं साऱ्या गावाने तिच्यापुढेच हात धरले.

मग घरात सून आली, द्वारका. तिचा हात तर सासूहूनही हलका! एके दिवशी एक गिऱ्हाईक बाई भिवराबाईला म्हणाली, "तुम्ही राहू द्या हो, आज सुनेला भरू द्या." त्याच दिवशी भिवराबाईच्या दोन्ही हातांवर पित्ताच्या लालबुंद गांधी उठल्या. खाजवून खाजवून जीव मेटाकुटीला आला. गावच्या वैद्यबुवांनी सांगितलेलं आमसुलाचं पाणी चोळलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

भिवराबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पोर गोड बोलते, पण आंघोळीचं पाणी कोण काढतं? हीच. लुगडी कोण धुतं? हीच. खाजकुइलीच टाकत असणार, दुसरं काय! तिने सुनेच्या हातचं पाणी पिणं सोडलं. नदीवर चार बायकांच्या कानांत सांगून आली, "तिच्या हाताला हात लावू नका गं, काहीतरी चोळते ती." शेवटी मनाशी ठरवलं, हिला कायमचं माहेरी धाडायचं. वरवर म्हणाली, "आठ दिवस आईला भेटून ये." द्वारका बिचारी निमूट गेली.

आणि काय आश्चर्य! तिसऱ्या दिवशी कातडी लख्ख. भिवराबाईने वैद्यबुवांना मुद्दाम बोलावून हात दाखवले. "बघा! सूनच खाजकुइली टाकते, मी म्हणत नव्हते? आता या घरात तिचं पाऊल पडू देणार नाही."

इतक्यात पाटलीणबाई दारात आल्या. "भिवराबाई, परवा लेकीला चुडा भरायचाय. लोक काय वाट्टेल ते बोलोत, मला द्वारकाच हवी. बोलावून घ्या तिला."

भिवराबाई "हो हो" म्हणाली खरी, पण वैद्यबुवांच्या डोळ्यांदेखत तिच्या हातांवर भराभर गांधी उठल्या.

पाटलीणबाई गेल्यावर वैद्यबुवा म्हणाले, "सून तर चार कोसांवर आहे. मग ही खाजकुइली कुणी टाकली?"

भिवराबाईला रडूच कोसळलं. "भीती वाटते हो मला! उद्या मला कुणी विचारणार नाही. कोपऱ्यात बसून काय करू मी?"

"तोंडाने बोलला नाहीत, म्हणून अंगावर आलं," वैद्यबुवा म्हणाले.

चुड्याच्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर बायका जमल्या. माहेराहून बोलावलेली द्वारका बांगड्या मांडून बसली, शेजारी भिवराबाई. पण बायकांची कुजबुज ऐकून नवरीने हात पदराखाली ओढून घेतला. दुसरीही कुणी पुढे येईना. द्वारकाचा चेहरा पांढराफटक पडला.

भिवराबाई घुटमळली. नुसती गप्प बसली असती, तर सुनेचं नाव तिथेच बुडालं असतं आणि गावाला पुन्हा भिवराबाईशिवाय कुणी उरलं नसतं. पण तिने पदर मागे सारला आणि गांधींनी भरलेले हात सगळ्यांपुढे धरले.

"मी खोटं बोलले, बायांनो. हिच्या हाताला काही नाही. हे माझ्याच भीतीने उठलंय." मग सुजलेला हात सुनेपुढे करून म्हणाली, "द्वारका, आधी मला भर."

द्वारकाने डोळे पुसले आणि भरायला घेतलं. तिसरी बांगडी चढेपर्यंत नवरीने आपला हात पुढे केला होता.

तात्पर्य: मनात दडवलेली भीती कातडीवर उमटते, दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपल्याच मनात डोकावून पाहावं.