छत्तीसचा आकडा

"पण छत्तीसच का?" आबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

डॉक्टर यशोधन घाटगेला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. रविवारची सुट्टी मोडून, कोल्हापूरहून घाट उतरून तो आला होता तो एका सहीसाठी. प्रश्न ऐकायला नव्हे.

आबा शेणवींनी तीस वर्षं मेडिकल कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. आता गावी येऊन सुपारीची बाग बघत. त्यांची सही असली की औषधांच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या कमिटीतलं कुणी चकार शब्द काढत नसे. आणि कमिटीपुढे कागद सोमवारी ठेवायचे होते.

कागद होते मलमाचे. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलाच्या तेलाने पोळतात, त्यावरचं मलम. यशोधनने तीन वर्षं खपून ते केलं होतं. अर्ध्या बायकांना ते द्यायचं, अर्ध्यांना साधं, आणि दोन महिन्यांनी कुणाचे हात किती दुखतात ते दहापैकी मार्कांत मोजायचं. या परीक्षेत मलम नापास झालं की कायमचं कचऱ्यात.

"सॉफ्टवेअरने सांगितलं, छत्तीस," यशोधन म्हणाला.

"आपणहून?"

"आपणहून कसं... मी रकाने भरले. पॉवर ऐंशी टक्के. बटण दाबलं, छत्तीस बायका."

"आणि ज्या काजूच्या कारखान्यात मलम देणार, तिथे बायका किती?"

"छत्तीस."

यशोधनने जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता.

आबांचा अडकित्ता मजेत कटकट करत राहिला. "म्हणजे खऱ्याशी तुझा छत्तीसचा आकडा, असं म्हण की! नमुना केवढा घ्यायचा ते विचारायला आलास, आणि एक अस्सल नमुना माझ्या ओटीवर येऊन बसलाय."

यशोधनला हसावं की रागवावं कळेना. त्याने लॅपटॉप आबांकडे फिरवला.

"हे पाहा. मलमाने दुखणं दोन मार्कांनी कमी होईल असं धरलं, तर हे अठ्ठ्याहत्तर बायका मागतं. तीन मार्कांनी धरलं की छत्तीसवर भागतं. म्हणून 'फरक' लिहिलेल्या रकान्यात दोनाचे तीन केले."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? एका मार्काने काय फरक पडतो, आबा?"

अडकित्ता थांबला.

आबा उठले, कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी गेले आणि पलीकडे हाक मारली.

"गो द्वारका! जरा हय ये."

द्वारका आली. वीस वर्षं काजू फोडणारी बाई. सुट्टीचा दिवस म्हणून केसांत अबोलीचा ताजा वळेसर माळलेला. बोटं मात्र पेरापर्यंत काळी, सोललेली. तिने हात पदरात घेतले, तरी यशोधनला ते दिसलेच.

"हात कितके दुखतत गो? दहापैकी सांग," आबा म्हणाले.

"आज सात." तिला विचार करावा लागला नाही. "मंगळवारी सहा होते."

"सात काय नि सहा काय!"

"असा काय बोलतास, आबानू?" द्वारका चिडलीच. "मंगळवारी सहा होते, तेवा वळेसर मियाच गुंथलंय. आज सुनेन गुंथून दिल्यान."

यशोधनची नजर त्या वळेसरावर खिळली. सुंदर होता. सुनेने अगदी मन लावून गुंफला होता. तरीही यशोधनला लाज वाटली.

द्वारका निघता निघता वळली. "डॉक्टरानू, तुमचा मलम लागू पडतला मा?"

आल्या आल्या विचारलं असतं, तर त्याने शंभर टक्के म्हणून सांगितलं असतं.

"माहीत नाही, मावशी. बघायचंय."

"बघा तर. नीट बघा."

ती गेली. आबांनी लॅपटॉपकडे बोट केलं.

"बायका छत्तीसच ठेव. फरक द्वारकेचा घाल. आता विचार तुझ्या सॉफ्टवेअरला, पॉवर किती उरली?"

यशोधनने फरकाच्या रकान्यातले तीन खोडून एक लिहिला.

"...सोळा."

"म्हणजे तुझ्या मलमाने सातावरून सहावर आणलं, खरोखर आणलं, तर ते तुला शंभरातून सोळा वेळा दिसणार. उरलेल्या चौऱ्याऐंशी वेळा कागदावर काय लिहिशील?"

"मलमाचा... उपयोग सिद्ध झाला नाही."

"आणि मलम?"

"कचऱ्यात."

आबा पुन्हा सुपारी कातरू लागले. आपलं मलम कुणी बुडवणार असेल तर ते वरचे साहेब बुडवतील, असं यशोधन तीन वर्षं धरून चालला होता. स्वतःच्याच हातून ते बुडायला आलं होतं, तेही एका रकान्यात.

मग तो सावरून बसला. पॉवर पुन्हा ऐंशी केली, फरक एकच ठेवला, डोळे मिटून बटण दाबलं. एक डोळा उघडला.

"तीनशे चार!"

"मोठ्याने वाच. सुपारीच्या झाडांनाही कळू दे."

"तीनशे चार बायका, आबा! आणखी आठ कारखाने पालथे घालायचे. आठ मालकांच्या हातापाया पडायचं. सोमवार तर गेलाच, वर्षही गेलं!"

असं म्हणताना त्याला हसू येत होतं, आणि ते का येतंय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. छत्तीस खोडून त्या जागी तीनशे चार लिहिलेला कागद त्याने सहीसाठी पुढे केला.

आबांनी झोकात सही ठोकली. सुपारीचं एक खांड त्याच्या तळहातावर ठेवलं आणि डोळे मिचकावून म्हणाले,

"एका वर्षाने काय फरक पडतो?"