शंभरातले साठ

“मग त्यो पाऊस आला कुठनं?”

म्हाकू आबांनी विचारलं आणि मायाप्पा अडखळला.

तांबडवाडीच्या माळावर बिरोबाचं देऊळ आहे. म्हाकू आबा तिथले पुजारी. चैत्रातल्या जत्रेला ते देवाच्या वतीनं वर्षाची भाकणूक सांगत. पाऊस कसा होईल, मेंढरांनी कुठं जावं, असं सगळं त्यात असे. आसपासचे धनगर ती ऐकून आपली वाट ठरवत. पण गेल्या तीन जत्रांना आबांनी तोंड उघडलं नव्हतं.

मायाप्पा होनमाने त्यांचा शिष्य. लहानपणी आबांच्या पायाशी बसून ओव्या शिकला, मग पुण्याला जाऊन हवामानाचा शास्त्रज्ञ झाला. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं होतं.

चार वर्षांनी तो आज आला होता. बाहेर ढोल वाजत होते. देवळाच्या ओवरीत दोघंच बसले होते.

“दोन समुद्र आहेत, आबा,” तो म्हणाला. “एक पार तिकडं, अमेरिकेच्या अंगाला. प्रशांत महासागर. दर काही वर्षांनी त्याचं पाणी तापतं. एखाद-दोन अंशच. पण तेवढ्यानं जगभरचे ढग जागा सोडतात. तिकडं वाळवंटात पूर येतो, ऑस्ट्रेलियात रानं पेटतात आणि आपल्याकडं पाऊस ओढ देतो.”

“एक-दोन अंशानं?”

“तेवढं पुरतं.”

“त्या साली तापला व्हता?”

“चांगलाच.”

“मग?”

“मग आपलाच समुद्र, हिंदी महासागर, आडवा आला. आफ्रिकेच्या बाजूला गरम झाला, सुमात्राकडं गार पडला. त्यानं ढग इकडं ओढले. तिकडच्यानं बिघडवलं ते इकडच्यानं सावरलं.”

“सावरलं...” आबा पुटपुटले.



काय झालं होतं ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी जत्रेच्या आदल्या दिवशी मायाप्पा इथंच बसून आबांची थट्टा करत होता. “आबा, तुमची भाकणूक चुकायची कशी? ती काही सांगतच नाही. पडेल तिथं पडेल, पिकेल तिथं पिकेल! हे तर आमचा शिपाईपण सांगेल.” आबा हसले होते. शिकलेल्या पोराचं बोलणं म्हातारी माणसं हसण्यावारी नेतात, पण ते आत कुठं जाऊन बसतं ते त्यांचं त्यांनाच माहीत. मग निघता निघता मायाप्पा म्हणाला होता, “यंदा पाऊस कमी. समुद्र तापतोय. शंभरात साठ वेळा तरी असंच होतं.”

दुसऱ्या दिवशी आबांच्या तोंडून देव बोलला.

“मेघ रुसला. मेंढक्या, माळ सोड. डोंगर धर.”

मायाप्पा गर्दीत उभा होता. आपलं भाकीत देवाच्या तोंडून ऐकताना त्याची छाती फुगली होती. हे त्यानंच पुढं कबूल केलं, म्हणून मी लिहितो आहे.

एरवी धनगर पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याला जात नाही. ओल्यात मेंढरांची खुरं सडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून पुष्कळजण निघू-निघू म्हणत रेंगाळले. बिरा कोळेकर रेंगाळला नाही. देवानं सांगितलं म्हटल्यावर त्याच्यापुढं दुसरा प्रश्नच नव्हता. तो कळप घेऊन डोंगराखाली गेला आणि तिथं पाऊस असा कोसळला की महिनाभर सूर्य दिसला नाही. त्याची मेंढरं चिखलात बसली ती उठली नाहीत. इकडं माळावर गुडघाभर गवत उभं होतं.

लोक आबांना नाही नाही ते बोलले. देव म्हातारा झाला म्हणाले, पुजारी खोटा म्हणाले. आबांनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही.

“आबा,” मायाप्पा म्हणाला, “मघाशी पारावर बिरा भेटला.”

“हं.”

“आता दुसऱ्याची मेंढरं राखतो. माझ्या पाया पडायला वाकला.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला... ‘सायेब, देवाच्या आधी तुमास्नी इचारलं असतं, तर माझी मेंढरं वाचली असती.’”

“तू काय म्हणलास?”

मायाप्पा खाली फरशीकडं बघत राहिला.

“काय म्हणलास, मायाप्पा?”

“चहा घेणार का, म्हणून विचारलं.”

आबांनी नुसती मान हलवली. ते रागावले असते तर मायाप्पाला बरं वाटलं असतं.

“आन् त्या पावसाचं फुडं काय केलंस?”

“त्यावर लेख लिहिला. एका समुद्राला दुसऱ्यानं कसं थोपवलं, त्यावर. परदेशात जाऊन वाचला. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.”

“बिरा हाय त्यात?”

“नाही.”

“मेंढरं?”

“नाही, आबा. त्यात फक्त समुद्र आहेत.”

चार वर्षांत त्यानं हा लेख कितीजणांना कौतुकानं दाखवला होता. आज पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटली.

“तुम्ही सांगायचं होतं,” तो एकदम म्हणाला. “ते भाकीत माझं होतं. तुम्ही गप्प का बसलात? इतक्या शिव्या खाल्ल्यात...”

“तू साठ म्हणला व्हतास. उरलेलं चाळीस म्या गिळलं.”

“म्हणजे?”

“देवाच्या तोंडात शंभरातलं साठ मावत न्हाई, लेका. तितं एक तर हाय, न्हाई तर न्हाई.”

“हे तुम्हाला माहीत होतं. तरी बोललात?”



“तू हसलास. तीस वर्सं भाकणूक केली, कुनी हसलं नव्हतं. मला वाटलं, मरायच्या आधी एकदा तरी नेमकं बोलावं. देवाला कसली हाव? ती माझी हाव. सकाळी देवाला पानी घालाय बसलो की बिराची मेंढरं दिसत्यात. रोज दिसत्यात.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

मायाप्पानं खिशातून घडी घातलेला कागद काढून उलगडला.

“यंदा बोला, आबा. यंदा मी दोन्ही समुद्र बघितलेत. चूक होणार नाही.”

“किती?”

“पाऊस बरा आहे. शंभरात सत्तर.”

“तीस कुठं ठिवू?”

मायाप्पानं कागदाची पुन्हा घडी केली.

तेवढ्यात बाहेरचे ढोल थांबले. भाकणुकीची वेळ झाली होती. तीन वर्षं लोक असेच थोडा वेळ वाट बघत, मग घोंगडी झटकून निघून जात. पण वाट बघायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

“तुम्ही नाही तर मी बोलतो,” मायाप्पा म्हणाला. “आजवरचं सगळं सांगतो. मला भंडारा लावा.”

कपाळाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावून बोललेला शब्द देवाचा, असं त्या माळावर मानतात. त्या शब्दाला कुणी उलट विचारत नाही, आणि बोलणाऱ्याला कुणी जबाबदार धरत नाही.

मायाप्पानं मान वाकवली. आबांनी भंडाऱ्याच्या ताटात बोटं बुडवली. हात त्याच्या कपाळापर्यंत नेला...

आणि तसाच मागं घेतला.

बोटं धोतराला पुसली. देवळात शिरताना मायाप्पानं स्वतःच्या हातानं कपाळाला लावलेलं पिवळं बोट होतं, तेही आबांनी आपल्या पटक्याच्या टोकानं पुसून काढलं. मग त्याचा दंड धरून त्याला दाराशी आणलं.

समोर माळभर माणसं बसली होती. सगळ्यांत मागं, खांद्यावर घोंगडं टाकून बिरा कोळेकर बसला होता. शास्त्रज्ञ साहेब बाहेर आलेले बघून त्यानं तिथनंच हात जोडले.

मायाप्पाचे पाय उंबऱ्यावर थबकले.

“आबा... काय म्हणेल तो मला?”

आबांनी त्याचा दंड सोडला.

“कोऱ्या कपाळानं जा. आधी तुजं नाव सांग. समुद्राचं मागनं.”