सत्तर टक्के पूल

धोंडूअण्णा मगदूम हे सातवी शिकलेले, संथ बोलणारे आमदार. त्यांच्या कुरणवाडीच्या पुलाचा मधला भाग दोन वर्षांपूर्वी वाहून गेला होता. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, तर छातीभर पाण्यातून खांद्यावर न्यावं लागे. अण्णांनी विधानसभेत प्रश्न टाकला, "कुरणवाडीचा पूल पडला आहे, हे खरे आहे काय?"

बांधकाममंत्री ऐटीत उठले. "हे अंशतः खरे आहे. सत्तर टक्के पूल शाबूत आहे. सबब, दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही."

त्यांच्या बाजूची बाकं वाजली. अण्णा सावकाश उठले.

"अध्यक्ष महाराज, साहेबांनी आमच्याकडे जेवायला यावं. त्याच पुलावरून चालत यावं. आम्ही पाहुण्याला टॉवेल-टोपी देतो. टोपी अलीकडच्या काठावर देऊ."

"आणि टॉवेल?" अध्यक्षांनी विचारलं.

"पलीकडच्या काठावर. तिथं साहेबांना तो लागेलच."

सभागृह खदखदून हसलं. मंत्र्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती जाहीर केली.

पुढच्या उन्हाळ्यात उद्घाटनाला मंत्री कोरड्या पायांनी पूल ओलांडून आले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर टॉवेल ठेवला आणि हळूच म्हणाले, "घ्या साहेब, आता नुसता घाम पुसायला."