मादा पुलाची न बसलेली फळी

मिनेझावा गावाबाहेर कुरोसे नदीवर एक लाकडी पूल आहे. पलीकडे देऊळ आणि लालभडक मेपलची टेकडी. लोक येतात ते तिच्यासाठीच. पण पलीकडच्या काठाजवळ पुलाची एक फळी मुद्दाम बसवलेली नाही. खाली फेसाळते पाणी दिसते. मी तिथेच थांबलो.

"काका, इतक्या लांब येऊन एका फळीपायी अडायचं?" आमच्या गटातल्या बिवलकरबाई वैतागल्या. "कोणी दुरुस्त का करत नाही मेलं!"

वाट दाखवणाऱ्या वृद्ध हिराकावासाननी पुलाचे नाव सांगितले: मादा. बाई म्हणाल्या, "म्हणजे पूल बाईचा!" मी सांगितले, जपानीत मादा म्हणजे 'अजून नाही'. अर्थात माझे जपानी पुस्तकी. पुढची कथा मला कळली तशी देतो. चूक असेल तर ती माझी.

असे सांगतात की पूर्वी ही नदी एकही पूल टिकू देत नसे. दर पुरात नवा पूल वाहून जाई. लोक रडकुंडीला आले. शेवटी गावाने नदीलाच नवस बोलला: पूल पुरा होऊ दे, होईल त्या दिवशी त्याचा सुतार तुझा. नदीने मानले म्हणे, कारण त्या वर्षी पूर पुलाला शिवला नाही.

सुतार होता योसाकु. नवस गावाचा, जीव त्याचा. तरी तो मुकाट्याने फळ्या ठोकत राहिला. त्याची बायको ओसेन मात्र धुमसत होती. शेवटची फळी उरली, तेव्हा तिने ती उचलून चुलीत घातली.

नदीने विचारले, "झाला का?"

फटीशी उभी राहून ओसेन म्हणाली, "मादा."

गावकऱ्यांनी दुसरी फळी आणली. तिने तीही जाळली.

"नवस मोडतेस?" ते ओरडले.

"मोडते कुठे? पूल पुरा झाला की ने म्हणावं नदीला."

नदी रोज विचारी, रोज तेच उत्तर. ती चिडून काठांवर आपटे, पण शब्दाला बांधलेली. पुलाला हात लावता येईना. योसाकु म्हातारा होऊन आपल्या अंथरुणातच वारला. ओसेनही गेली. पण शेवटची फळी ठोकेल तोच सुतार नदीचा, म्हणून ती ठोकायला कोणी धजले नाही.

आजही फट ओलांडणाऱ्याने थांबून नदीला उत्तर द्यायचे असते. बिवलकरबाई "मादा!" असे ठणकावून पार झाल्या आणि पलीकडून त्यांनी हाक मारली, "काका, झालं का?"

मी खाली पाण्याकडे पाहिले. ते जोरात वाहत होते.

"मादा," मी म्हणालो.