तीन सेकंदांची भाकरी

"जोड कुठे आहे, दाखवा बाबा."

रणजित डुबलने मोबाइल कासमबाबांच्या पुढ्यात धरला. आवाजात नम्रता कमी आणि पैज जास्त होती.

कासमबाबा आमच्या गावाबाहेरच्या तकियात राहणारे फकीर. त्याआधी वीस वर्षं ते तंबूतल्या फिरत्या सिनेमाचं मशिन चालवायचे. रीळ तुटलं की कात्रीने कापून असं चिकटवायचे, की बघणाऱ्यांना पत्ता लागत नसे. म्हणून तर हा गडी पुण्याहून इथवर आला होता.

मोबाइलवर एक बाई भाकरी थापत होती. फक्त हात, काठवट, पीठ आणि बांगड्या. तीन सेकंद... की पुन्हा तेच. एचडी व्हिडिओतून कापलेलं, न थांबणारं चित्र. जिफ म्हणतात त्याला; शेवट सुरुवातीला जिथे जोडतात, तो जोड दिसता कामा नये. रणजितचा धंदाच तो. जाहिरातवाले आपल्या दारात रांग लावतात, हे त्यानेच आम्हाला सांगितलं.

बाबांच्या शेजारून मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. हात फिरत होता तो फिरतच होता.

"कुणाचे हात?" बाबांनी विचारलं.

"आईचे. आठ महिने झाले जाऊन."

बाबा बघत राहिले...

"अवघड गेलं असेल हे करायला."

"विचारू नका." रणजित खाली बसला. आवाजातली पैज कुठल्या कुठे गेली. "मूळ क्लिप अडीच मिनिटांची. साडेचार हजार फ्रेम. जोडायला पहिली आणि शेवटची फ्रेम सारखी लागते, बाबा. मला वाटलं, भाकरी थापणं ते काय, तेच तेच तर असतं. थापतानाची एकेक फ्रेम थांबवून बघितली. महिना गेला..."

"मग?"

"तिचा हात दोनदा एकसारखा पडलेला नाही. एकदासुद्धा नाही. दर थापेला बोटं वेगळी. पीठ उडतं तेही वेगळं."

त्याने पडद्यावरच्या हातांकडे बघितलं.

"जन्मभर तिच्यासमोर जेवायला बसलो. मला हे माहीतच नव्हतं."

माझ्याही घरी रोज दोन वेळा भाकरी थापली जाते आणि मी पेपर वाचत असतो.

"मग जोडलंस कसं?"

"त्यातल्या त्यात जवळच्या दोन फ्रेम धरल्या. थोडं पुसलं, थोडं रंगवलं."

"काय पुसलंस?"

"किरकोळ. पिठाचे कण. बांगडीवरची चमक."

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"आणि भाकरी मोठी का होत नाही?"

रणजितचा चेहरा उतरला. पुण्यात भल्याभल्यांना हे दिसलं नव्हतं.

"ती मोठी झाली की जोड दिसतो," तो हळूच म्हणाला. "कड जराशी पुढे सरकते. प्रत्येक फ्रेममध्ये तेवढी कड मी मिटवली."

आता मलाही दिसलं. ती बाई जीव लावून थापत होती आणि भाकरी होती तेवढीच राहत होती.

"क्लिपमध्ये पुढे काय आहे?"

"काही नाही. भाजते, आणि..."

"आणि?"

"त्यापुढचं मी बघितलेलं नाही. ती गेल्यापासून नाही." रणजित जमिनीकडे बघत होता. "मोबाइल नवा घेतला होता. शूटिंगच करत बसलो. तेवढ्यात कामाचा फोन आला, तसाच उपाशी निघालो. त्यानंतर घरी आलो तो तिला पोचवायलाच."

"लाव."

"नको, बाबा."

बाबांनी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि ते वाट बघत बसले...

रणजितने क्लिप लावली.

आधी आवाज आला. थप, थप, थप. भाकरी पसरत गेली. तळहाताएवढी होती ती ताटाएवढी झाली. तिने ती दोन्ही हातांवर अलगद उचलली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटली. मग निखाऱ्यांपुढे उभी केली, आणि भाकरी टम्म फुगली.

आम्ही तिघेही श्वास रोखून बघत होतो. एका भाकरीकडे. खरं सांगतो, त्या दिवशी मी भाकरी होताना पहिल्यांदा पाहिली.

बाईने तोंड वर केलं. थेट आमच्याकडे बघितलं.

"ठेव की रं ते आता. ये, गरम हाय तवर खाऊन घे."

क्लिप संपली. पडदा काळा झाला.

रणजित रडत होता. रडता रडताच त्याचा अंगठा पडद्याकडे गेला, चित्र पुन्हा पहिल्यापासून लावायला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"हात धुऊन ये जेवायला," ते म्हणाले.